हाजीपीर परत का दिलं?

मागच्या अंकात यशवंतराव चव्हाणांच्या संरक्षणमंत्रिपदावर लिहिलं होतं. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून मार खाल्लेल्या सैन्याची जबाबदारी घ्यायला ते मुंबई सोडून दिल्लीला गेले, तिथपासून पुढची हकीकत. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी १९६५ च्या पाकिस्तान युद्धाविषयीच विचारलं आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहे. हाजीपीर खिंडीवर सगळ्यांत जास्त पत्रं आली, म्हणून तिथे जरा सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : १ सप्टेंबर १९६५ ला यशवंतरावांनी पंतप्रधानांना न विचारता हवाई दल पाठवलं, असं आमच्या भागात नेहमी सांगतात. हे खरं, की प्रेमापोटी रचलेलं?
– एक वाचक, कराड

खरं आहे. पण नुसतं ‘धडाडी दाखवली’ म्हणून ते सांगितलं तर त्यातलं मोठेपण निसटतं, म्हणून त्या दिवशी काय परिस्थिती होती ते आधी बघू.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून पाकिस्तानने काश्मीर खोऱ्यात घुसखोर पाठवायला सुरुवात केली होती. लोक बंड करून उठतील हा त्यांचा होरा फसला. मग १ सप्टेंबरला पहाटे जम्मूच्या पश्चिमेला छांबवर त्यांनी तोफांचा भडिमार केला आणि मागोमाग रणगाडे घातले. आपल्याकडे तिथे हलक्या एएमएक्स रणगाड्यांची एकच तुकडी होती. पाकिस्तानचा रोख अखनूरवर होता. तिथे चिनाब नदीवर पूल आहे, आणि जम्मूहून राजौरी-पूंछकडे जाणारा रस्ता त्या पुलावरून जातो. अखनूर गेलं असतं तर पलीकडची आपली सगळी फौज रसदीवाचून अडकली असती.

दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांच्या खोलीत आले. विमानं दिली नाहीत तर छांब सावरणार नाही, असं लष्कराचं म्हणणं होतं. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. तासाभराच्या आतबाहेर पठाणकोटहून विमानं उडालीसुद्धा. पंतप्रधानांना नंतर कळवलं गेलं आणि शास्त्रीजींनी निर्णय उचलून धरला.

आता हे अवघड का होतं? १९६२ मध्ये आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. शत्रू आपल्या शहरांवर बॉम्ब टाकेल, लढाई हाताबाहेर जाईल, या भीतीने तेव्हा दिल्लीने हात आखडता घेतला होता. पुढे तीन वर्षं त्याची चर्चा झाली आणि त्या चर्चेच्या मध्यभागी, संरक्षणमंत्र्याच्या खुर्चीत, यशवंतरावच बसले होते. विमान उडालं की तो सीमेवरचा चकमकीचा प्रश्न उरत नाही, ते दोन देशांमधलं युद्ध होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मंत्रिमंडळाची समिती बोलवावी, टिपण मागवावं, सकाळी बघू म्हणावं, यातलं काहीही त्यांनी केलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. सूर्य मावळायला दोन-अडीच तास राहिले होते, आणि अंधारात त्या काळची आपली विमानं कामाची नव्हती. म्हणजे ‘सकाळी बघू’ म्हणणं याचा अर्थ त्या दिवसापुरता नकारच झाला असता.

निर्णयाची किंमतही सांगायला हवी, आपल्याकडे ती वगळून गोष्ट सांगतात. पहिल्या तुकडीत व्हॅम्पायर जातीची जुनी, संथ विमानं होती. त्यांतली चार त्याच संध्याकाळी पाडली गेली. आपल्या काही वाहनांवर आणि रणगाड्यांवर आपल्याच विमानांचा मारा झाला. तरीही पाकिस्तानी रेटा त्या संध्याकाळी मंदावला. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने ऐन लढाईत त्या आघाडीचा सेनापतीच बदलला, अख्तर मलिक जाऊन याह्या खान आले, आणि त्यात त्यांचा आणखी वेळ गेला. अखनूर वाचलं ते या दोन्हींमुळे.

यशवंतराव त्या दिवसांत रोजनिशी लिहीत. त्यांचे खासगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी ती पुढे पुस्तकरूपाने आणली. मंत्र्याने युद्ध चालू असताना त्या त्या दिवशी लिहिलेलं असं फारसं काही आपल्याकडे नाही. कराडकरांनी ती जरूर वाचावी.

प्रश्न : आपल्या जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड ताश्कंदला परत देऊन टाकली. रणांगणावर जिंकलं ते टेबलावर हरलं, असं माझे वडील शेवटपर्यंत म्हणत. ते सैन्यात होते. शास्त्रीजींवर दबाव आला होता का? नेमकं काय घडलं?
– एक वाचक, सातारा. याच आशयाची पत्रं नाशिक, बेळगाव आणि अहिल्यानगरहून

तुमच्या वडिलांचा राग मला समजतो, आणि तो गैरसमजातून आलेला आहे असं मी म्हणणार नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो तेव्हा हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा, आणि विचारणारा मुलगा बहुधा सैनिकाच्या घरातला असायचा.

आधी ती खिंड कशी मिळाली ते. हाजीपीर पीर पंजाल रांगेत साडेआठ हजार फुटांहून जास्त उंचीवर आहे. उरी आणि पूंछ यांना जोडणारा जुना रस्ता तिच्यातून जातो. तो रस्ता आपल्या ताब्यात असेल तर उरीहून पूंछला पन्नास-साठ किलोमीटरमध्ये पोचता येतं, नाहीतर जम्मूकडून मोठा वळसा पडतो. शिवाय घुसखोर याच वाटेने येत होते. ऑगस्टच्या अखेरीस मेजर रणजित सिंग दयाल आपल्या पॅराशूट पलटणीच्या तुकडीसह पावसात रात्रभर चढत गेले आणि २८ ऑगस्टला सकाळी त्यांनी खिंड घेतली. दयालना महावीर चक्र मिळालं. खिंड परत देणं चूक होती, असं त्यांनी म्हातारपणी स्पष्ट सांगितलं. त्यांच्या शब्दाला वजन आहे. मीही ते बाजूला सारत नाही.

पण ‘टेबलावर हरलो’ म्हणताना आपण नजर फक्त जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारावर ठेवतो. खरा निर्णय त्याच्या चार महिने आधी, ३ सप्टेंबर १९६५ ला झाला होता. आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून पंजाबात आघाडी उघडायची, असं ठरलं तेव्हा शास्त्रीजींनी सेनादलांना युद्धाची उद्दिष्टं नेमून दिली. ती अशी : काश्मीर बळाने घेऊ द्यायचं नाही आणि तसा प्रयत्न कधीही यशस्वी होणार नाही हे पाकिस्तानला दाखवून द्यायचं. पाकिस्तानी सैन्याची चढाईची ताकद मोडायची. आणि या दोन कामांपुरता, लागेल तेवढाच पाकिस्तानचा प्रदेश घ्यायचा, जो युद्ध समाधानकारकपणे संपल्यावर सोडायचा आहे.

हे तिसरं कलम पुन्हा वाचा. लाहोर जिंकायचं, पंजाब घ्यायचा, असं त्यात काही नाही. सैन्य ६ सप्टेंबरला सीमा ओलांडून लाहोरच्या अलीकडच्या इच्छोगिल कालव्याकडे निघालं तेव्हाच, मिळेल ती जमीन परत द्यायची आहे हे दिल्लीत ठरलेलं होतं. मला यात शास्त्रीजींची मोठी समज दिसते. युद्ध सुरू करण्यापूर्वी ते कुठे थांबवायचं हे ठरवणारे नेते फार थोडे. समोर अयूब खान होते, त्यांच्याकडे असं काही ठरलेलंच नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी त्यांच्या सहीने निघालेल्या आदेशात, योग्य जागी आणि योग्य वेळी एक-दोन जोरदार तडाखे दिले की हिंदूंचं मनोधैर्य टिकत नाही, असं लिहिलेलं होतं. भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही, असं भुट्टोंचं परराष्ट्र खातं त्यांना सांगत होतं. ओलांडली तर काय, हा प्रश्न सेनानी राहिलेल्या त्या राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या माणसांना धड विचारला नाही. ६ तारखेला लाहोरच्या दारात तोफा धडधडल्या तेव्हा त्यांना उत्तर मिळालं.

आता हाजीपीरची गाठ इथे बसते. कलमात म्हटलं होतं ‘पाकिस्तानचा प्रदेश’. हाजीपीर आपल्या दृष्टीने पाकिस्तानचा प्रदेश नव्हताच, तो जम्मू-काश्मीरचा, म्हणजे आपलाच. त्यामुळे ती खिंड त्या कलमात बसत नव्हती, आणि ती सोडणार नाही असं शास्त्रीजींनी युद्धबंदीनंतर लोकांपुढे सांगितलंही. जवानांसमोर, सभांमधून, लोकांनी ते ऐकलं आणि मनात धरून ठेवलं.

पण २० सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने जो २११ क्रमांकाचा ठराव केला, त्यात दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टच्या जागी परत जावं असं होतं. ठरावाच्या बाजूने दहा मतं पडली, जॉर्डन तटस्थ राहिला. बाजूने मत देणाऱ्यांत सोव्हिएत संघही होता, ज्याच्या नकाराधिकारावर काश्मीरच्या प्रश्नात आपण वर्षानुवर्षं विसंबून होतो. हा ठराव मान्य करून आपण बंदुका थांबवल्या होत्या. म्हणजे सोव्हिएत संघातल्या ताश्कंदच्या टेबलावर शास्त्रीजी ४ जानेवारीला बसले तेव्हा त्यांच्या पुढ्यात स्वतःचंच तिसरं कलम होतं, त्यांनीच मान्य केलेला ठराव होता, आणि यजमान म्हणून समोर होते सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन, ज्यांच्या देशाने त्या ठरावाला मत दिलं होतं.

आणि एक गोष्ट, जी रागाच्या भरात कुणी बघत नाही. पाकिस्तानकडेही आपली जमीन होती. भारतीय आकडेवारीप्रमाणे आपल्याकडे त्यांचा साधारण १९२० चौरस किलोमीटर आणि त्यांच्याकडे आपला ५४० चौरस किलोमीटर प्रदेश होता. या ५४० मध्ये मोठा वाटा छांबचा, आणि खेमकरणचाही. छांब त्यांच्याकडे ठेवून हाजीपीर आपण ठेवायचं, हा सौदा नकाशावर मांडून बघा. वर उरी-पूंछचा रस्ता आपला, आणि खाली अखनूरच्या तोंडाशी शत्रू कायमचा बसलेला. ज्या पुलासाठी १ सप्टेंबरला विमानं पाठवावी लागली, तोच पूल पुन्हा त्यांच्या टप्प्यात. संरक्षणमंत्री यशवंतराव आणि लष्कराचे उपप्रमुख कुमारमंगलम ताश्कंदला होते. ही बाजू त्यांनी पंतप्रधानांपुढे मांडली नसेल असं मला वाटत नाही.

शास्त्रीजींना तिथून काय हवं होतं? पाकिस्तानने युद्ध न करण्याचा करार करावा. तो मिळाला नाही. अयूबना काश्मीरवर बोलणी हवी होती, तीही मिळाली नाहीत. कोसिगिन दोघांच्या मुक्कामांमध्ये मसुदे घेऊन फेऱ्या मारत राहिले. शेवटी बळाचा वापर न करण्याच्या, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या बंधनाचा दोघांनी पुनरुच्चार केला आणि २५ फेब्रुवारी १९६६ पर्यंत सैन्यं ५ ऑगस्टच्या जागी न्यायचं ठरलं. १० जानेवारीला सह्या झाल्या.

मग तुमच्या वडिलांचं चुकलं का? माझ्या मते त्यांचा राग योग्य जागी आहे, फक्त त्याची तारीख वेगळी आहे. हाजीपीर ताश्कंदला गमावलं, असं मी मानत नाही. चूक झाली ती ऑक्टोबरमध्ये. युद्धाची उद्दिष्टं सेनादलांना सांगितली होती, पण देशाला सांगितली नव्हती. मिळालेली जमीन परत द्यायची आहे, हे लोकांना कुणी सांगितलं नाही, उलट हाजीपीर सोडणार नाही असा शब्द दिला. आतल्या खोलीत एक ठरलेलं आणि मैदानावर दुसरं बोललेलं, या दोहोंतलं अंतर जानेवारीत उघडं पडलं. सामान्य माणसाला फसवलं गेल्यासारखं वाटलं ते यामुळे. केंद्रातले एक मंत्री महावीर त्यागी यांनी कराराच्या निषेधार्थ राजीनामा दिला. करार झाल्यावर त्या रात्री शास्त्रीजींनी घरी फोन लावला, तेव्हा घरच्यांनाही तो रुचला नव्हता, असं त्यांच्यासोबत असलेले कुलदीप नय्यर यांनी लिहून ठेवलं आहे. एवढा सचोटीचा माणूस, धान्य वाचवायला सोमवारी रात्री जेवू नका म्हणण्याआधी स्वतःच्या घरात ते करून बघणारा, देशाला तिसरं कलम समजावून सांगू शकला असता. लोकांनी ऐकलं असतं. माझ्या आईने आमच्या घरी सोमवारची चूल बंद ठेवली ती कुठल्या कायद्याने नाही, त्यांच्या शब्दाखातर.

दबाव होता का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर : होता. रशियाचा होता, अमेरिकेचा होता, धान्याच्या रिकाम्या कोठारांचा होता. पण दबावाखाली भलतंच काही दिलं गेलं असं म्हणायला आधार नाही. जे दिलं ते सप्टेंबरमध्येच मान्य झालेलं होतं.

प्रश्न : पाकिस्तानचा दारूगोळा संपत आला होता. आणखी पंधरा दिवस लढलो असतो तर निकाल लागला असता. मग २२ सप्टेंबरला युद्ध का थांबवलं?
– एक वाचक, सांगली

हा प्रश्न मला हाजीपीरपेक्षाही जास्त खुपतो. कारण यात चूक झाली, आणि ती पंतप्रधानांनी प्रश्न न विचारल्यामुळे झाली नाही.

संरक्षण मंत्रालयाने तयार करवलेल्या या युद्धाच्या इतिहासात हा प्रसंग आहे. युद्ध आणखी काही दिवस चालू ठेवलं तर मोठा विजय मिळेल का, असं शास्त्रीजींनी युद्धबंदीपूर्वी लष्करप्रमुखांना विचारलं. जनरल चौधरींनी सांगितलं, आघाडीवरचा बहुतेक दारूगोळा वापरून झाला आहे, रणगाडेही बरेच गेले आहेत. पंतप्रधानांनी युद्धबंदी स्वीकारली. नंतर हिशेब लागला तेव्हा कळलं, आघाडीच्या दारूगोळ्यापैकी फार थोडा भाग वापरला गेला होता. १४ टक्के हा आकडा अनेक ठिकाणी येतो. रणगाडेही आपल्याकडे पाकिस्तानपेक्षा पुष्कळ जास्त उरले होते.

पंतप्रधानांनी बरोबर माणसाला, बरोबर वेळी, नेमका प्रश्न विचारला. उत्तर चुकीचं आलं. तेव्हाच्या कुठल्याही मंत्र्याकडे ते उत्तर दुसऱ्या वाटेने ताडून बघण्याची सोय नव्हती. कोणत्या डेपोत काय शिल्लक आहे याचा रोजचा हिशेब संरक्षणमंत्र्यांच्या टेबलावर यायला हवा होता. यशवंतरावांच्या कारकिर्दीत सैन्याची खरेदी झाली, नवी डोंगरी डिव्हिजनं उभी राहिली, कारखाने निघाले. पण हा हिशेब त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, आणि मी त्यांचा कितीही चाहता असलो तरी हे त्यांच्या खात्याचं अपयश मानतो.

चौधरी भित्रे होते असं मात्र म्हणू नका. पत्रात तुम्ही तो शब्द वापरला आहे, मला तो पटत नाही. त्यांचा स्वभाव जपून चालण्याचा होता, आणि त्याचं आणखी एक उदाहरण आहे. पाकिस्तानचं चिलखती डिव्हिजन खेमकरणमध्ये घुसलं तेव्हा चौधरींनी पश्चिम विभागाचे प्रमुख हरबक्ष सिंग यांना बियास नदीमागे फौज घ्यायला सुचवलं, असं हरबक्ष यांनी स्वतः लिहिलं आहे. हरबक्षनी नकार दिला. अमृतसर सोडून मागे येणं त्यांना मान्य नव्हतं. पुढच्या एक-दोन दिवसांत खेमकरणजवळच्या असल उत्तर गावच्या शेतांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कालव्यांचं पाणी सोडून जमीन चिखल केलेली, उंच उभा ऊस, त्यात रुतलेले पॅटन रणगाडे, आणि जीपवरच्या तोफेने एकामागून एक रणगाडा फोडत गेलेला अब्दुल हमीद. १० सप्टेंबरला तो तिथेच पडला. त्याला परमवीर चक्र मिळालं. त्या युद्धातलं दुसरं परमवीर चक्र पुण्यात शिकलेल्या लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं, पूना हॉर्सचे ते प्रमुख, १६ तारखेला सियालकोट आघाडीवर गेले.

तरीही एक विचारतो, शांतपणे उत्तर द्या. समजा चौधरींनी खरा आकडा सांगितला असता. शास्त्रीजी लढत राहिले असते का? मला शंका आहे. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. अमेरिकेचा पीएल ४८० या मदत-कायद्याखाली येणारा गहू बंदरात उतरला नाही तर शहरांत रेशनची दुकानं बंद पडतील, अशी वेळ होती. त्या गव्हाची वाट अध्यक्ष जॉन्सन मुद्दाम अडवून धरत होते. अमेरिका आणि ब्रिटनने ८ सप्टेंबरला दोन्ही देशांना शस्त्रं देणं थांबवलं. याचा फटका पाकिस्तानला जास्त बसला, कारण त्यांचे रणगाडे आणि सेबर विमानं अमेरिकेची होती. हे तुमच्या म्हणण्याच्या बाजूने जातं. पण आपल्याकडे दुसरी आघाडी उघडण्याची धमकी होती, ती पुढच्या उत्तरात.

प्रश्न : चीनने मेंढ्या चोरल्याचा आरोप केला होता, असं वाचलं. ही नुसती दंतकथा आहे का?
– एक वाचक, पुणे

दंतकथा नाही. १६ सप्टेंबरच्या रात्रीचं चीनचं पत्र होतं. सिक्कीम सीमेवरची ५६ लष्करी ठाणी तीन दिवसांत पाडा, आणि पळवलेल्या ८०० मेंढ्या व ५९ याक परत करा, असं त्यात म्हटलं होतं. दिल्लीत तरुण अटलबिहारी वाजपेयी मेंढ्यांचा कळप घेऊन चिनी वकिलातीसमोर गेले, तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

पण त्या चार-पाच दिवसांत सरकारमध्ये कुणी हसत नव्हतं. १९६२ ला तीनच वर्षं झाली होती. पूर्वेकडची डिव्हिजनं तिथून हलवता येत नव्हती. १७ तारखेला शास्त्रीजी संसदेत बोलले. चिनी आरोप फेटाळले, ठाणी असतील तर एकत्र पाहणी करू असं म्हटलं, आणि हल्ला झाला तर लढू हेही सांगितलं. भाषणात चढा आवाज कुठेच नव्हता. चीनने मुदत वाढवली, मग युद्धबंदी झाली आणि प्रकरण तिथेच राहिलं. शत्रूने हास्यास्पद कारण दिलं तरी त्याच्या फौजा हास्यास्पद नसतात, हे ध्यानात ठेवून त्यांनी पत्राला पत्राने उत्तर दिलं.

प्रश्न : शास्त्रीजींचा मृत्यू संशयास्पद होता का?
– अनेक वाचक

११ जानेवारीच्या पहाटे, सह्यांनंतर काही तासांनी, ताश्कंदच्या मुक्कामी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सोबत त्यांचे डॉक्टर, डॉ. चुघ होते. शवविच्छेदन झालं नाही, आणि घरच्यांनी त्याबद्दल पुढे वेळोवेळी प्रश्न विचारले. त्यांचा तो हक्क आहे. यापलीकडे जे चालतं त्याला पुरावा नाही, म्हणून मी या सदरात त्यावर लिहीत नाही. त्याच दिवशी ताश्कंदला शवपेटीला खांदा देणाऱ्यांत अयूब खानही होते, हे मात्र लक्षात राहण्यासारखं आहे.

प्रश्न : मुंबईत नौदलाचा एवढा मोठा तळ. मग १९६५ मध्ये नौदल कुठे होतं? माझे आजोबा गोदीत कामाला होते, ते म्हणायचे ‘विक्रांत’ जागेवरच उभी होती.
– एक वाचक, लालबाग, मुंबई

आजोबांचं खरं आहे. विमानवाहू ‘विक्रांत’ त्या वेळी दुरुस्तीसाठी मुंबईतच होती. पण ती समुद्रात असती तरी फार फरक पडला नसता, कारण नौदलाला पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला चढाई करू नका असा सरकारी हुकूम होता. समुद्रातून युद्ध वाढू नये, हा त्यामागचा विचार. ३ सप्टेंबरच्या उद्दिष्टांशी तो सुसंगत होता. नौदलाच्या अधिकाऱ्यांना मात्र तो जिव्हारी लागला. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या, नुकसान मामुली झालं, पण आपली जहाजं उत्तर द्यायला गेली नाहीत. ते शल्य नौदलात पुढे अनेक वर्षं राहिलं.

या अनुभवाचा उपयोग झाला. १९७१ मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा युद्धापूर्वीच इंदिरा गांधींकडे गेले. नौदलाने कराचीवर हल्ला केला तर सरकारची राजकीय हरकत असेल का, असं त्यांनी थेट विचारलं, आणि १९६५ चा हुकूम आठवून विचारतो आहे, हेही सांगितलं. इंदिराजींनी थोडा विचार केला आणि युद्ध झालंच तर ते युद्धच असेल, अशा अर्थाचं उत्तर दिलं. नंदांनी ही हकीकत स्वतः लिहिली आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या तेव्हा परवानगीसाठी दिल्लीला वेगळं विचारावं लागलं नाही.

१९७१ च्या निर्णयांवर आलेली पत्रं पुढच्या अंकात घेईन. एप्रिलमध्येच पूर्व बंगालवर चाल का केली नाही, या प्रश्नाने सुरुवात करू.